बाहीवरचा गंज

मित्रांनो, माझ्याजवळून गेलात तर तुम्ही मला कचऱ्याचा डबा समजाल. बऱ्याच जणांचा तसा समज झाला आहे. एका पाहुण्याने तर माझ्या तोंडात केळ्याचं साल टाकलं होतं. मी डांबराचा जुना ड्रम आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलात एक लहानसं पोलिस ठाणं आहे. त्याच्या आवारात, शस्त्रं ठेवायच्या खोलीच्या दाराशी, विटांच्या ओट्याला टेकून मी थोडा पुढे झुकून उभा असतो. माझ्या पोटात छातीपर्यंत वाळू आहे.

माझं काम एवढंच की बाहेरून परत आलेला माणूस आपलं पिस्तूल रिकामं करतो, तेव्हा त्याची नळी माझ्याकडे असावी. चुकून गोळी सुटली, तर ती माझ्या वाळूत जावी.

मी जागचा हलत नाही. त्यामुळे माझ्यासमोर घडलेलं किंवा माझ्यापाशी उभं राहून कोणी बोललेलं, एवढंच मला माहीत आहे. ऐकीव असेल ते ऐकीव म्हणूनच सांगेन.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पत्रा वाकवताना गावाचं नाव कोणी सांगत नाही. मला पहिलं आठवतं ते ट्रकमधलं ऊन आणि पोटातलं डांबर. ब्रह्मपुरीच्या बाजारातून आमचा ट्रक गेला, वैनगंगेचा पूल ओलांडला, आणि पुढे जंगलातल्या एका अर्ध्या रस्त्यावर आम्हाला उतरवलं. रस्त्याचं काम करणारी माणसं रोज एका ड्रमखाली जाळ करत, डांबर पातळ झालं की बादल्यांनी काढून नेत. माझी पाळी आली, माझं पोट रिकामं झालं, आणि तो रस्ता जरासा पुढे सरकला. आज त्यावरून जीपा धावतात. त्यात माझा थोडा वाटा आहे, पण रस्त्यावर ड्रमचं नाव कुठे लिहिलेलं नसतं.

रिकाम्या ड्रमांचं पुढे काय होतं, तुम्ही पाहिलं असेल. माझे बरेच सोबती फाडून सपाट केले गेले आणि मजुरांच्या झोपड्यांना दारं झाली. मी खोल चरात गडगडलो होतो म्हणून राहून गेलो. पावसाचं पाणी साचलं, म्हशी माझ्यात तोंड घालू लागल्या. मग एक दिवस पोलिसांची जीप थांबली आणि एक जाडसर, सावकाश बोलणारा माणूस खाली उतरला. त्याने माझ्या पाठीवर थापटी मारली, तळ पाहिला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "तळ पक्का हाय गा. टाक मागं."

ते खुशालभाऊ. सिंदेवाहीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातले. ठाण्यात हवालदार होते आणि शस्त्रांची खोली त्यांच्या ताब्यात होती. त्या खोलीला पोलिसांत 'कोत' म्हणतात. खुशालभाऊंनी मला घासून काढलं. वैनगंगेची वाळू आणवली, धान चाळायच्या चाळणीने चाळली, उन्हात वाळवली आणि माझ्यात भरली. वर पत्र्याचं झाकण बसवलं आणि त्याच्या मधोमध छिन्नीने एक गोल भोक पाडलं. मापाला त्यांनी देवळातला नारळ आणला होता.

"नारळ जाईन एवढं तोंड पाहिजे," ते म्हणाले. "त्याहून लहान केलं तं अंधारात नळी चुकन."

मित्रांनो, हा नारळ लक्षात ठेवा. तो पुढे परत येणार आहे.

मी उभा राहिलो आणि नियम सुरू झाला. बाहेरून येणाऱ्याने आधी माझ्याकडे यायचं. नळी माझ्या तोंडात. बोट ट्रिगरपासून दूर. मग मॅगझिन काढायची. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची लांबट पेटी, तिच्यात गोळ्या असतात. त्यानंतर पिस्तुलाचा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढायची आणि नळीच्या मागच्या चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं, करंगळीने चाचपायचं. चेंबर रिकामा दिसला तरी पुन्हा एकदा पाहायचं. मगच पिस्तूल कोतात जमा.

नवीन माणूस आला की खुशालभाऊ त्याला माझ्यासमोर उभं करत.

"आधी काय?"

"मॅगझिन, भाऊ."

"मंग?"

"स्लाइड."

"उलटं केलं तं?"

"स्लाइड ओढली का एक राउंड चेंबरमंधी जाते. मंग मॅगझिन काढली तरी तो आतच राह्यते."

"हां. म्हून मॅगझिन काढलेलं पिस्तूल म्हंजे खाली पिस्तूल नाई. हे झोपेत इचारलं तरी सांगता आलं पाह्यजे."

खाली म्हणजे रिकामं, राउंड म्हणजे गोळी. ते रागावून बोलत नसत. शेतात पाणी सोडताना माणूस जसा एकेक बांध पाहून पुढे जातो, तसं त्यांचं शिकवणं होतं.

माझ्या पोटात एकच गोळी आहे. ती लटारू नावाच्या शिपायाची. पावसाळ्यात दोन दिवस नाल्यापलीकडे अडकून तो परतला होता, चिखलाने माखलेला, डोळे लाल. त्याने स्लाइड आधी ओढली, मॅगझिन नंतर काढली, चेंबरमध्ये पाहिलं नाही आणि पिस्तूल रिकामं आहे असं समजून ट्रिगर दाबला. आवाजाने छपरावरची कबुतरं उडाली. मला पोटात फक्त एक धक्का बसला आणि वाळू गरम झाली. लटारू जागच्या जागी बसला आणि आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहू लागला.

खुशालभाऊंनी त्याला पाणी दिलं. मग माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, "याच्यासाठीच उभा केला याले."

त्या दिवसापासून माझी कीर्ती झाली. दुसऱ्या ठाण्यांतून माणसं येऊन मला पाहून गेली. एका साहेबांनी तर माझ्यासोबत फोटो काढला. पण गोळी काही रोज सुटत नाही. वर्षं गेली, माझ्या पोटात दुसरी गोळी आली नाही, आणि ठाण्यात नवी माणसं आली. त्यांना मी म्हणजे जेवणाआधीचं एक काम वाटू लागलो. पोचू नावाचा एक विनोदी शिपाई होता. तो म्हणे, "या ड्रमाले आपल्यापेक्षा जास्त सलाम भेटते बे, न पगारबी लागत नाई." रात्री ठाण्याचं मांजर माझं झाकण सरकवून वाळूत नको ते करून जाई. खुशालभाऊंनी झाकणाला कडी बसवली. "ते बी बिचारं रिकामं व्हायलेच येते," असं पोचू म्हणाला आणि सगळे हसले. मलाही ते खटकलं नाही. कामाच्या वस्तूला थोडी चेष्टा सोसते.

पण माझा एक दोष कोणाला आवडत नसे. माझा काठ गंजला होता. मी पुढे झुकलेला असल्याने, नळी आत धरून स्लाइड ओढताना माणसाची डावी बाही माझ्या काठाला घासतेच. त्यामुळे ठाण्यातल्या प्रत्येकाच्या खाकी बाहीवर मनगटाच्या वर एक तांबूस पट्टा उमटलेला असे. दगडावर घासल्याशिवाय तो जात नसे. बाजारात लोक म्हणे त्यावरून ओळखत की हा अमक्या ठाण्याचा माणूस.

या पट्ट्याचा सगळ्यात जास्त राग एका बाईला होता. तिचं नाव मंगली.

मंगली ही आमच्या ठाण्यातल्या करिश्माची आई. नदीपलीकडच्या जंगलातल्या गावात राहणारी, थोडी शेती करणारी, मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करणारी. करिश्मा त्या गावातून पोलिसांत आलेली पहिली मुलगी. तिच्या भरतीला मंगलीने नाही म्हटलं नव्हतं, पण पिस्तुलाला तिचा विरोध होता. करिश्माने हे सगळं माझ्यापाशी पोचूला सांगितलं होतं. निघताना आई म्हणाली होती, "तू कोनाशी लढशील, कोनाले वाचवशील, ते तुह्या नोकरीचं. पन तुह्या हातानं चुकून कोनाले लागलं, तं मी या गावात कोनत्या तोंडानं पानी भरू?"

करिश्माने तेव्हा आईला शब्द दिला होता. चुकून लागणार नाही.

हा शब्द ती कसा पाळते, ते मी रोज पाहत होतो. बाकीचे माझ्यापाशी घाईत असत. ती कधीच घाईत नसे. चेंबरमध्ये करंगळी घालून पाही, पुन्हा पाही, मग श्वास सोडी. तिच्या बाहीवरचा पट्टा सगळ्यांत गडद होता. करिश्मा सुटीवर घरी गेली की मंगली तो शर्ट दगडावर घासे आणि म्हणे, "सरकारनं पगार देल्ला, बंदूक देल्ली, न एक डबा रंगवता येऊन नाई राह्यला काय?" मुलीला भेटली की थुंकीने अंगठा ओला करून ती पहिल्यांदा तो डागच पुसायला जाई.

करिश्मा तयारीतही पक्की होती. एकदा पोचूने तिला विचारलं, "एवढं सगळं खाली करून ठेवते, मंग वेळ आली तं काय करशीन व?"

उत्तर खुशालभाऊंनी दिलं. ते कोताच्या पायरीवर बसून पिस्तुलांना तेल करत होते. "तयारी कंबरेले नसते गा. समोर कोन हाय, त्याच्या मांगं कोन हाय, हे आधी पाह्यते तो तयार. पाह्यल्याबिगर काढन तो भ्यालेला."

त्या दिवशी पोचूने चेंबर दोनदा पाहिला.

आता त्या दसऱ्याचं सांगतो.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते. दरवर्षी माझ्या पोटावर हळदीची दोन बोटं आणि झेंडूचा एक हार, एवढाच माझा मान. त्या वर्षी वेगळं होतं. खुशालभाऊ पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. शिवाय ठाण्याचे उपनिरीक्षक धनराज साहेब यांनी ठरवलं होतं की या वेळी माणसांच्या घरच्यांना आणि गावकऱ्यांना पूजेला बोलवायचं, सोबत जेवायचं. आवारात सतरंज्या अंथरल्या. माझ्यासमोर चौरंग ठेवला. मंगली जीपमधून येणार होती. ती पहिल्यांदाच ठाण्यात येत होती.

खुशालभाऊंनी मला पहाटे आंघोळ घातली. पोटाला लाल रंग दिला. काठापर्यंत येता येता रंग संपला, म्हणून काठ तसाच राहिला आणि त्यावर त्यांनी झेंडूचा जाडजूड हार गुंडाळला. मग माझ्या तोंडात त्यांनी नारळ बसवला. भोक नारळाच्याच मापाचं होतं. तो गच्च बसला. त्यावर हळदकुंकू वाहून त्यांनी हात जोडले.

मित्रांनो, मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. ज्या माणसाने मला चरातून उचललं, तो माझे आभार मानत होता. पण माझं तोंड बंद झालं होतं आणि ठाण्यातली शस्त्रं अजून सगळी आत आलेली नव्हती.

करिश्मा आणि पोचू पहाटेच गस्तीला गेले होते. त्या गस्तीत काय झालं ते मी नंतर करिश्माकडूनच ऐकलं. बांबूच्या बेटाजवळ वळणावर झाडाची फांदी आडवी पडली होती. पोचू मोटरसायकल उभी करत होता, करिश्मा पुढे गेली. तेवढ्यात बांबूतून एक माणूस धावत आला. हातात वर उचललेली कुऱ्हाड, थेट तिच्या दिशेने. तिने पिस्तूल काढलं, स्लाइड ओढली, नळी खाली धरली आणि मोठ्याने म्हणाली, "थांब. कुऱ्हाड खाली." बोट ट्रिगरबाहेरच होतं. माणूस थांबला नाही, पण त्याचे डोळे तिच्याकडे नव्हते. तो सारखा मागे पाहत होता. तिने एक पाऊल बाजूला घेतलं. माणूस तिच्या शेजारून गेला आणि पोचूच्या मोटरसायकलला धडकून पडला. मागे बांबूत अस्वल हुंगत होतं. मोटरसायकलचा हॉर्न वाजला तसं ते निघून गेलं.

तो बांबू तोडणारा होता. त्याचं नाव लच्छू. तिने पिस्तूल परत कमरेला लावलं आणि लच्छूच्या गुडघ्याला रुमाल बांधला. स्लाइड ओढल्यामुळे एक राउंड चेंबरमध्ये गेला होता. तिला ते ठाऊक होतं. ठाण्यात गेल्यावर ड्रमपाशी काढायचा, असं तिने मनात धरलं होतं. म्हणजे माझ्यापाशी.

ते दोघे आले तेव्हा आवार माणसांनी भरलं होतं. पोचू दारातूनच सांगत सुटला. "खुशालभाऊ, आज लच्छूनं माह्या गाडीले मिठी मारली जी. एवढ्या प्रेमानं तं माह्या बायकोनंबी नाई मारली." लोक हसले. स्लाइडचं तो काही बोलला नाही, कारण त्याने ते पाहिलंच नव्हतं.

करिश्मा सवयीने सरळ माझ्याकडे आली. पिस्तूल काढलं, नळी खाली. आणि थबकली.

"खुशालभाऊ, तोंड बंद हाय याचं."

"आज राहू दे बाई. हळद लागली त्याले. मॅगझिन काढून दे न पिस्तूल चौरंगावर ठेव. आरती खोळंबली."

"पन भाऊ..."

तेवढ्यात मागून आवाज आला. "करिश्मा, काऊन एवढी वाळली व?" जीप आली होती. मंगली नवं लुगडं नेसून, हातात पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी घेऊन उभी होती.

करिश्मा वळली. तिने मॅगझिन काढून खुशालभाऊंच्या हातात दिली. आईकडे पाहून हसली. पिस्तूल चौरंगावर ठेवलं.

चेंबर पाहिला नाही. मी तिला रोज पाहत आलो होतो, म्हणून सांगतो, हा निष्काळजीपणा नव्हता. तिचे हात माझ्यापाशी ते काम करायला शिकले होते. मी बंद होतो, तर हातांना ती खूण मिळालीच नाही.

पोचूने चौरंगावर पिस्तुलांचं कमळ मांडलं. मधे कलश, भोवती पिस्तुलं, मुठी आत, नळ्या बाहेर. दिसायला सुंदर होतं. करिश्माच्या पिस्तुलाची नळी बायका बसल्या होत्या त्या सतरंजीकडे आली. मंगलीही तिथेच बसली, तिच्या मांडीला टेकून कोणाचं तरी लहान मूल.

आरती झाली. चेंबर न पाहिलेलं ते पिस्तूल मला दिसत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. वस्तूला बोलता आलं असतं, तर मी त्या दिवशी बोललो असतो.

आरतीनंतर गावचे सरपंच रामाजी पुढे झाले. साठीचे, हौशी. "साहेब, एक फोटो भेटन काय? पिस्तूल हातात घेऊन. नातवाले दाखवतो."

धनराज साहेबांचा चेहरा सणाचा होता. "घ्या ना रामाजी भाऊ. खाली आहेत सगळी. मॅगझिन काढलेल्या आहेत."

रामाजींनी जवळचं पिस्तूल उचललं. ते करिश्माचं होतं.

करिश्मा त्या वेळी पाठमोरी होती. आईला प्रसाद द्यायला सतरंजीपाशी वाकली होती. मंगलीने सवयीने तिचं मनगट धरलं, अंगठा ओला केला, आणि तिचा हात तिथेच राहिला.

"अवो," ती आनंदाने म्हणाली, "आज तुह्या बाहीले गंज नाई लागला. कशी झकास दिसून राह्यली."

करिश्माने आपली बाही पाहिली. सणासाठी घासून धुतलेली, अजून स्वच्छ खाकी.

ती सरळ झाली आणि वळली. रामाजींनी पिस्तूल छातीपाशी धरलं होतं. फोटोत हात चांगला दिसावा म्हणून त्यांचं बोट ट्रिगरवर गेलं होतं. नळी सतरंजीच्या बाजूने हलत होती. पोचू मोबाइल धरून त्यांना थोडं डावीकडे व्हायला सांगत होता.

करिश्मा ओरडली नाही. ओरडली असती तर ते दचकले असते. ती रस्ता सांगावा तशा आवाजात बोलली.

"रामाजी भाऊ, बोट बाहेर काढा. हां. आता हलू नका. नळी जमिनीकडे करा, हळू. तसंच धरा." मग आवाज न चढवता, मागे न पाहता, "आई, लेकरू घे न भिंतीमांगं जा. सगळ्याच जनी उठा."

धनराज साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. दोन्ही हात पसरून माणसांना मागे नेऊ लागले. करिश्माने रामाजींच्या बाजूने जाऊन मूठ धरली, नळी खालीच ठेवली आणि पिस्तूल त्यांच्या हातातून सोडवून घेतलं. मग ती माझ्याकडे आली.

खुशालभाऊ माझ्यापुढे गुडघ्यावर बसले होते. नारळ ओढत होते. तो निघत नव्हता. त्यांचे हात हळदीने निसरडे झाले होते आणि भोक त्यांनी स्वतःच नारळाच्या मापाचं केलं होतं. करिश्मा पिस्तूल वाळूच्या दिशेने धरून शांत उभी होती. खुशालभाऊंनी सदऱ्याचं टोक नारळाला गुंडाळलं, पिळलं, आणि नारळ सुटला. हार त्यांनी एका हिसक्यात तोडला. झेंडू चहूकडे सांडला.

"ये बाई," ते म्हणाले.

नळी माझ्या तोंडात आली. बाही काठाला घासली. तिने स्लाइड ओढली. एक पिवळी गोळी बाहेर उडाली, माझ्या झाकणावर आपटली आणि झेंडूच्या पाकळ्यांत पडली. करिश्माने चेंबर पाहिला, करंगळीने चाचपला. पुन्हा पाहिला. मग श्वास सोडला.

पोचूने मोबाइल खिशात ठेवला आणि चौरंगावरची बाकीची पिस्तुलं एकेक करून माझ्याकडे आणायला लागला. ती रिकामी होती. तरी त्याने प्रत्येक पाहिलं. रामाजी सतरंजीवर बसले आणि आपलं बोट दुसऱ्या हाताने धरून राहिले.

मंगली भिंतीमागून आली. पाकळ्यांतली गोळी तिने पाहिली, उचलली नाही.

"हे आत होती?"

"हो," करिश्मा म्हणाली.

"याचं तोंड कोनाकडं होतं?"

मंगलीने चौरंग पाहिला, मग सतरंजीवर आपण बसलेली जागा पाहिली, आणि तिला उत्तर मिळालं.

"मी म्हनलो तिले," खुशालभाऊ जमिनीवरूनच म्हणाले. "ती आल्ती इथी. मी म्हनलो, राहू दे."

"तुम्ही म्हणालात, आणि मी न पाहता खाली आहे म्हणालो," धनराज साहेब म्हणाले. "पण खुशालभाऊ, याच्या तोंडावर आता काही ठेवायचं नाही. हार नाही, नारळ नाही. सणाच्या दिवशीही नाही."

"सनाच्या दिवशी तं नाईच, साहेब," खुशालभाऊ म्हणाले.

मंगली तिथेच उभी होती. तिने लेकीचा डावा हात हातात घेतला. बाहीवर ताजा तांबूस पट्टा उमटला होता. तिने तो पाहिला. अंगठा ओला केला नाही.

"चाल," ती म्हणाली. "जेवन थंडं होऊन राह्यलं."

खुशालभाऊ ठरल्याप्रमाणे निवृत्त झाले. जायच्या दिवशी त्यांनी माझी वाळू बदलली. लटारूची गोळी चाळणीत आली. ती त्यांनी माझ्या तळाशी परत टाकली आणि वर नवी वाळू भरली. हार आणला होता, तो माझ्या पायाशी ठेवून गेले.

त्यांच्या जागी चंचलबाई नावाच्या हवालदार आल्या. नेटक्या बाई. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गंजावर लावायचा तांबडा रंग आणि ब्रश आणला. करिश्मा गस्तीवरून आली, तिने पिस्तूल रिकामं केलं आणि म्हणाली, "बाई, काठ सोडून लावा."

"काऊन? सगळ्यांच्या बाह्या खराब होऊन राह्यल्या."

करिश्माने त्यांना दसऱ्याची गोष्ट सांगितली. चंचलबाईंनी ब्रश डब्यात ठेवला. मग माझं पोट रंगवलं, पाठ रंगवली आणि काठापाशी येऊन थांबल्या. आता संध्याकाळी माणसं कोताबाहेर रांगेत उभी राहतात तेव्हा चंचलबाई प्रत्येकाची डावी बाही पाहतात. बाही स्वच्छ असली की विचारतात, "कुठी होता?"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मीही तेच म्हणतो, पण माझं जपणं थोडं वेगळं आहे. माझी वाळू कोरडी ठेवा. माझ्यात केळ्याचं साल टाकू नका. माझ्याबद्दल आदर वाटला, तर फूल पायाशी ठेवा, तोंड मोकळं सोडा. आणि तुमच्या घरी, शेजारी, जत्रेत, कुठेही बंदूक किंवा पिस्तूल दिसलं, कोणी कितीही हसून खाली आहे म्हणालं, तरी हात लावू नका. दूर व्हा आणि मोठ्या माणसाला सांगा. ज्याच्या हातात ते आहे, त्याने चेंबर तुमच्यासमोर उघडून दाखवला तरी हात मागेच ठेवा. रामाजीसुद्धा आता नातवाला फोटो दाखवत नाहीत. ही गोष्ट सांगतात, असं पोचू म्हणतो.

करिश्मा मागच्या महिन्यात सुटीवर जाऊन आली. आल्यावर माझ्यापाशी उभी राहून पोचूला सांगत होती.

"आई आता माहं तोंड नंतर पाह्यते."

"मंग आधी काय पाह्यते?"

तिने डावा हात पुढे केला. बाही धुतलेली होती, इस्त्री केलेली होती. मनगटाच्या वरचा तांबूस पट्टा जसाच्या तसा होता. मंगलीने तेवढी जागा घासली नव्हती.